माखुलूच्या पेन्शनवर उभं घर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: समाजकार्याचं शिक्षण पूर्ण झालंय आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्टर्न केप प्रांतात, खेड्यात, वर्षभर वृद्धांसाठी काम करायला जायचंय. तिकडच्या खेड्यांत एकत्र कुटुंब अजून टिकून आहे, म्हाताऱ्यांना मान आहे, वृद्धाश्रम जवळपास नाहीतच, असं तुम्ही वाचलंय. मग तिथल्या म्हाताऱ्या माणसांना अडचण कसली, पिढ्यांचं आपसात कसं असतं आणि जाण्याआधी काय समजून घ्यावं?

मी मूळची मिरजेची. २००५ ते २०२१ अशी सोळा वर्षं मी त्याच प्रांतात, जुन्या ट्रान्सकाय भागातल्या लुसिकिसिकीच्या आसपास डॉक्टर म्हणून काम केलं. निम्मे दिवस दवाखान्यात जायचे, निम्मे घरभेटींत. म्हणून मी सांगतेय ते प्रामुख्याने त्या भागातल्या म्पोंडो समाजाच्या कुटुंबांबद्दल. घानाच्या किंवा केनियाच्या खेड्यात चित्र वेगळं असतं, त्याबद्दल ओघात थोडं येईलच.

आधी प्रश्नच जरा फिरवून घ्या. 'म्हाताऱ्यांना कोण सांभाळतं?' हे विचारत गेलात तर पहिले सहा महिने वाया जातील. माझे गेले. तिथे बहुतेक घरांत म्हातारी बाई सगळ्यांना सांभाळते. पैसा तिच्याकडून खाली वाहतो, कष्टही तिच्याकडूनच खाली वाहतात. घरातली सगळ्यात जुनी बाई हीच घराची तुळई असते.

हे असं का झालं, ते समजायला थोडं मागे जावं लागेल. १८८६ साली जोहान्सबर्गच्या बाजूला सोनं सापडलं. खाणींना माणसं हवी होती, आणि स्वतःची जमीन, गुरं असलेला शेतकरी आपणहून जमिनीखाली उतरत नाही. मग झोपड्यांवर कर बसले, १८९४ च्या ग्लेन ग्रे कायद्याने जमिनीचे तुकडे मोजून दिले, आणि पुरुषांना रोख पैशासाठी बाहेर पडावंच लागलं. बायकोमुलांना सोबत नेण्याची मुभा नव्हती. खाणीच्या आवारातल्या बराकीत राहायचं आणि करार संपला की घरी यायचं. शहरात वावरायला पास लागायचा, ते कायदे १९८६ पर्यंत चालले. म्हणजे तीन-चार पिढ्या अशा गेल्या की बाप हा वर्षातून एकदा, पेटी घेऊन येणारा माणूस होता. आपल्याकडे बीडची ऊसतोडीला जाणारी कुटुंबं मुलांना आजीपाशी ठेवून सहा महिने बाहेर काढतात, ते तुम्ही पाहिलं असेल. तेच शंभर वर्षं आणि अख्ख्या प्रदेशाला लागू केलं तर काय होईल, याची कल्पना करा.

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून सोन्याच्या खाणींनी माणसं कमी करायला सुरुवात केली. आणि पाठोपाठ एड्स आला. मी पोचले तेव्हा सरकारी दवाखान्यांतून एचआयव्हीची औषधं मिळायला जेमतेम वर्ष झालं होतं (देशभर ती २००४ पासून सुरू झाली. लुसिकिसिकीत एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेमुळे थोडी आधी). त्या पहिल्या दोन वर्षांत तिशी-पस्तिशीच्या बायका घरी परत येताना मी पाहत होते. डर्बनहून यायच्या, जोहान्सबर्गहून यायच्या, कधी भाड्याच्या गाडीच्या मागच्या बाकावर आडव्या झोपवून आणलेल्या. येण्याचं कारण एकच, आईपाशी मरायचं होतं. आई त्यांना न्हाऊ घालायची, भरवायची, पुरायची, आणि मग त्यांच्या मुलांना वाढवायला घ्यायची. आपण नातवंडांना दुधावरची साय म्हणतो. त्या आज्यांच्या वाट्याला दूध उरलंच नव्हतं, नुसती साय उरली होती.

आजीला तिकडे माखुलू म्हणतात. हा शब्द पहिल्या दिवशी शिका. नाव घेऊन हाक मारू नका. लग्न झालेल्या बाईला तिच्या माहेरच्या कुळाच्या नावाआधी 'मा' लावून हाक मारणं हा तिथला आदर: माद्लामिनी, माभेले अशी. मंडेलांना सगळे 'मादिबा' म्हणायचे ते त्यांच्या कुळाचं नाव होतं, हे आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं. सासरी चाळीस-पन्नास वर्षं राहूनही बाईचं माहेरचं कूळ तिच्या हाकेत जिवंत राहतं. तुम्ही कुळाचं नाव विचारलंत की समोरच्या म्हातारीचा चेहराच बदलतो.

आता पेन्शनबद्दल, कारण ती समजली की निम्मं घर समजलं. दक्षिण आफ्रिकेत वृद्धांचं सरकारी पेन्शन १९२८ साली सुरू झालं, पण काळ्या लोकांना त्यातून वगळलं होतं. १९४४ मध्ये त्यांना ते मिळायला लागलं, तेही गोऱ्यांच्या मानाने अगदी तुटपुंजं. रक्कम सगळ्यांना सारखी व्हायला १९९३ उजाडलं. बायकांना आधीपासून साठाव्या वर्षी मिळायचं, पुरुषांना पासष्टाव्या. २००८ ते २०१० या काळात टप्प्याटप्प्याने पुरुषांचंही वय साठ झालं. २०२४ च्या एप्रिलपासून ही रक्कम महिन्याला २,१८० रँड होती, म्हणजे आपले साधारण दहा हजार रुपये. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळतात, ते डोळ्यांपुढे ठेवा म्हणजे फरक कळेल. त्याच वेळी तिथे गरीब मुलाच्या संगोपनासाठी महिन्याला ५३० रँड मिळायचे. म्हणजे एका म्हातारीचं पेन्शन चार मुलांच्या अनुदानाएवढं. ज्या गावात पगार म्हणजे शाळेतले शिक्षक, दवाखान्यातल्या नर्सेस आणि दोन-चार पोलीस, तिथे साठ पूर्ण झालेली बाई घरातली सगळ्यात भरवशाची कमावती असते.

एक दिवस जवळून सांगते. महिन्याच्या सुरुवातीला आधी वृद्धांचे पैसे जमा होतात, दुसऱ्या दिवशी अपंगांचे, तिसऱ्या दिवशी मुलांचे. पूर्वी गावातच वाटप व्हायचं. मोकळ्या माळावर रांग, भोवती भाजी, कोंबड्या, जुने कपडे विकणाऱ्यांचा बाजार. २०१८ मध्ये अशी बहुतेक ठिकाणं बंद झाली आणि म्हाताऱ्यांना भाडं खर्चून तालुक्याच्या गावी जावं लागायला लागलं. मी ज्या घरी बसले होते तिथली माखुलू दुपारी परतली. गोल झोपडी, शेणाने सारवलेली जमीन, डाव्या अंगाला बायकांची बसायची जागा. तिने डोक्यावरचा रुमाल सोडला आणि पलंगावरच्या चादरीवर नोटा मांडायला लागली. मुलांना शाळेत नेणाऱ्या गाडीवाल्याचे एका बाजूला. विजेच्या टोकनचे वेगळे. उमासिंग्वाबाने म्हणजे 'चला, एकमेकांना पुरू या' अशा अर्थाचं नाव असलेल्या मयत-मंडळाचे वेगळे. शेजारणींच्या भिशीचे वेगळे, तिला तिथे उम्गालेलो म्हणतात. मक्याच्या पिठाचं पोतं, तेल, साखर आधीच उधारीवर आलेलं, त्याचे दुकानदाराला. जोहान्सबर्गला काम शोधत बसलेल्या मुलाला पाठवायचे थोडे. शेवटी एक छोटी नोट राहिली, ती तिने दुमडून छातीशी ठेवली. मी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, रविवारी चर्चमध्ये टाकायला. स्वतःच्या गुडघ्यांसाठी मी लिहून दिलेला पट्टा घ्यायचा राहिला होता. तो पुढच्या महिन्यातही राहिला.

याला आधार असलेलं संशोधनही आहे. पुढे २०१९ चं नोबेल मिळालेल्या अर्थतज्ज्ञ एस्तेर दुफ्लो यांनी १९९३ च्या पाहणीवरून दाखवलं की घरात आजीला पेन्शन मिळत असेल तर त्या घरातल्या नातींचं वजन उंचीच्या मानाने सुधारतं. आजोबांना मिळणाऱ्या पेन्शनचा तसा परिणाम दिसला नाही. मी ते वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. चादरीवरच्या नोटा मी मोजल्या होत्या. दुसरी गोष्ट अशी की आजीचं पेन्शन सुरू झालं की घरातली तरुण बाई कामाच्या शोधात शहराकडे निघते, कारण आता मुलं ठेवायला हक्काची जागा झाली आणि गाडीभाड्याला पैसे झाले. म्हणजे पेन्शनमुळे घर एकत्र येतं आणि पेन्शनमुळेच घर पांगतं. या दोन्ही गोष्टी एकाच घरात दिसल्या तर गोंधळू नका.

'एकत्र कुटुंब टिकून आहे' हे वाक्य मला खटकतं ते सुनांमुळे. जुन्या म्पोंडो घरात म्हातारपणाची व्यवस्था मुलावर नव्हती, सुनेवर होती. मुलगा खाणीत. लोबोला म्हणून गुरं देऊन आणलेली सून, म्हणजे माकोती, पहाटे उठून पाणी-सरपण आणायची, सासूला न्याहारी द्यायची. सासऱ्याच्या नावातली अक्षरं ज्या शब्दांत येतात ते शब्दसुद्धा तोंडी आणायचे नाहीत, त्याऐवजी दुसरे शब्द वापरायचे. या रिवाजाला ह्लोनिफा म्हणतात. उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या आपल्या आज्यांना हे लगेच कळलं असतं. ही सून आता घरोघरी नाही. लोबोला परवडत नाही, तरुणांना काम नाही, लग्नं होत नाहीत. मुलं मात्र होतात. मुलीला दिवस गेले की मुलाकडच्यांनी गुरं किंवा पैसे देऊन जबाबदारी कबूल करायची, त्याला इंत्लावुलो म्हणतात. तेही पुष्कळदा अर्धवट राहतं, मग मूल आईच्या माहेरच्या कुळात वाढतं.

त्यामुळे आजच्या म्हातारीपाशी सून नसते, लेकीची मुलं असतात. लेक शहरात असते किंवा कबरीत. ज्या वयात सुनेच्या हातचं आयतं मिळायचं त्या वयात ती पुन्हा चूल फुंकतेय. हे त्यांना मनातून फार लागतं. एका माखुलूने मला सांगितलं होतं, 'मी माकोती होते तेव्हा सासूचं सगळं केलं. आता मी सासू आहे आणि अजून मीच माकोती आहे.' वृद्धांच्या प्रश्नावर मी पुढे जे काही वाचलं, ऐकलं, त्यात याहून नेमकं वाक्य मला सापडलं नाही.

पुरुषांची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याकडे कमी लोक बघतात. खाणीतून परतलेला आजोबा पन्नाशीतच दमलेला असतो. फुप्फुसात खडकाची धूळ, त्यावर क्षय. मुलं लहान असताना तो घरी नव्हता. त्याचा अधिकार पगाराचा आणि गुरांचा होता. पगार थांबला, गुरं चोरीला गेली किंवा लेकींच्या, भावांच्या मयतीत कापली गेली. माखुलूशी नातवंडांचं नातं तिच्या पाठीवर बांधून घेतल्या दिवसापासून असतं. आजोबांशी ते नव्याने जोडावं लागतं, आणि पुष्कळांना ते कसं जोडायचं हे कोणी शिकवलेलंच नसतं. माझ्या अनुभवात सगळ्यात एकटी माणसं म्हणजे हे म्हातारे. आजारपणात बायकोला लेकी बघायला येतात, याच्याकडे कोणी फिरकत नाही. गुरांच्या कुंपणापाशी दिवसभर बसलेला म्हातारा दिसला तर त्याच्याशी बोलायला थांबा. ते कुंपण त्यांच्या दृष्टीने पवित्र असतं, पूर्वजांशी बोलायची जागा ती. बाई म्हणून तुम्ही आत जाऊ नका, बाहेर बसा.

या म्हाताऱ्यांसाठी तुम्हाला एक ठोस काम करता येईल. सिलिकोसिस, म्हणजे त्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, झालेल्या खाणकामगारांच्या खटल्यात २०१९ च्या जुलैमध्ये न्यायालयाने मोठा समझोता मंजूर केला आणि १९६५ च्या मार्चपासून पुढे ठरावीक सोन्याच्या खाणींत काम केलेल्यांना भरपाई देण्यासाठी च्यामिसो ट्रस्ट नावाची संस्था उभी राहिली. कामगार वारला असेल तर विधवेलाही अर्ज करता येतो. अडतं ते कागदांवर. खाणीतल्या नोकरीची नोंद, मृत्यूच्या दाखल्यावरचं कारण, नावाचं वेगवेगळं स्पेलिंग. घरात पत्र्याची पेटी असते, तिच्यात जुनी नोकरीची पुस्तिका सापडते. ती पेटी उघडायला वेळ द्या.

आता आजी आणि नातवंडं. मानववंशशास्त्राच्या पुस्तकांत आफ्रिकेतल्या कित्येक समाजांबद्दल नोंद आहे की बाप आणि मुलगा यांच्यात अंतर असतं, तर आजा आणि नातू यांच्यात थट्टा चालते. नातवाने आजीला 'माझी बायको' म्हणणंही चालतं. उत्तर घानातल्या तालेन्सी लोकांत थोरल्या मुलाने बापाच्या हयातीत त्याच्या धान्याच्या कोठारात डोकावायचं नाही, त्याच्याबरोबर एका ताटात जेवायचं नाही असा दंडक होता, आणि बापाच्या अंत्यविधींच्या शेवटी त्या मुलाला नेऊन पहिल्यांदा कोठाराच्या आत बघायला लावायचे. मानववंशशास्त्रज्ञ मेयर फोर्टेस यांनी हे नोंदवून ठेवलंय. मुलगा मोठा होणं म्हणजे बापाची जागा घेणं, आणि ते दोघांनाही माहीत असतं, म्हणून मध्ये ही भिंत. नातवाचं तसं नसतं. केनियातल्या लुओ लोकांत तर म्हाताऱ्या बाईची वेगळी झोपडी असायची, सिविंधे नावाची. घरातल्या मुली तिथे झोपायला जायच्या, गोष्टी, कोडी, शरीराबद्दलची माहिती सगळं तिथे मिळायचं. आईशी जे बोलायचं नाही ते आजीशी बोलायचं.

म्पोंडो घरांत मी हे रोज पाहिलं, पण एका मोठ्या फरकाने. आजी आता नुसती आजी राहिली नाही. तिला आईचं काम करावं लागतं. गृहपाठ बघायचा, शाळेत सभेला जायचं, तोंडात मारायचं, नाही म्हणायचं. थट्टेची जागा शिस्तीने घेतली. मुलं माखुलूला 'मामा', म्हणजे आई, म्हणतात आणि शहरातून येणाऱ्या जन्मदात्रीला 'सिसी', म्हणजे ताई. बाहेरच्या लोकांना याचं वाईट वाटतं. घरात कोणाला त्यात वावगं दिसत नाही, निदान मूल बारा-तेरा वर्षांचं होईपर्यंत. मग एक दिवस आई त्याला शहरात न्यायला येते आणि तीन माणसांचे जीव एकदम कासावीस होतात. जुन्या रिवाजात यावर तोड होती. दुसऱ्याने वाढवलेलं मूल परत नेताना वाढवणाऱ्याला एक जनावर द्यायचं, इसोंड्लो म्हणतात त्याला. वाढवण्याचे कष्ट मोजले गेले, असा त्याचा अर्थ. आता ते क्वचितच देतात. पण माखुलूच्या मनात तो हिशेब असतो. तिला पैसे नको असतात, कोणीतरी 'तू वाढवलंस' एवढं मोठ्याने म्हणायला हवं असतं.

माझ्या मनात घर करून राहिलेला एक मुलगा होता. आई गेली तेव्हा दीड वर्षाचा, स्वतः एचआयव्ही घेऊन जन्मलेला. लहान मुलांच्या त्या वेळच्या औषधांत एक भयंकर कडू पातळ औषध असायचं. ते बारा-बारा तासांनी, ठरल्या वेळी, सिरिंजने मोजून द्यायचं. माखुलूला घड्याळ येत नव्हतं. मला वाटलं होतं हे जमणार नाही, आणि तसं मी नर्सजवळ बोललेही होते. त्या बाईने रेडिओवर उम्ह्लोबो वेनेने एफएमच्या सकाळी सातच्या बातम्या लागल्या की एक माप आणि रात्री सातच्या बातम्यांना दुसरं, असं लावून घेतलं. आधी जिभेवर बोटभर पीनट बटर, मग औषध, मग पुन्हा बोटभर. सिरिंजवर तिने योग्य रेघेपाशी लाल नेलपॉलिशची खूण केली होती. नऊ वर्षांत तिने चुकवलेले डोस माझ्या नोंदीत दोन आहेत, दोन्ही नदीला पूर आल्यामुळे. पुढे तिला रक्तदाब आणि मधुमेह झाला, डोळे अधू झाले. तेव्हा तो मुलगा पाकिटांवरचं वाचून तिच्या गोळ्या काढून द्यायला लागला. सातच्या बातम्यांनाच. कोणी सांगितलं नव्हतं. मी एकदा त्याला विचारलं, दुपारी का नाही देत? तो म्हणाला, 'औषधं सातला घेतात.'

यामुळे माझं एक मत पक्कं झालंय. कोणत्या म्हातारीची शेवटी काळजी घेतली जाईल, हे तिला मुलं किती आहेत यावरून कळत नाही. तिने स्वतःच्या हाताने कोणाला वाढवलं आणि ते मूल आता कुठे आहे, यावरून कळतं. सहा मुलगे असलेली माखुलू उपाशी राहिलेली मी पाहिलीय.

आणि हो, म्हातारी म्हणजे एचआयव्हीपासून सुरक्षित, असं समजू नका. म्पुमलांगा प्रांतात बुशबकरिजजवळ ॲगिनकोर्ट इथे १९९२ पासून घरोघर नोंदी ठेवण्याचं मोठं काम चालू आहे. तिथे २०१४-१५ मध्ये चाळिशीपुढच्या पाच हजारांहून जास्त लोकांना तपासलं तेव्हा दर चौघा-पाचांत एकाला एचआयव्ही निघाला, आणि निम्म्याहून जास्त लोकांना रक्तदाब. आजीला तपासणीबद्दल विचारायला आपली जीभ रेटत नाही, म्हणून तिचं निदान राहून जातं.

आता कटू भाग. मान आहे, हे खरं. 'इन्याथी इबुझ्वा क्वाबाफाम्बिली' अशी म्हण आहे: रानरेड्याची वाट पुढे गेलेल्यांना विचारावी. म्हातारं माणूस हे पूर्वज होण्याच्या वाटेवर असतं, त्याच्या नाराजीची भीती वाटते. पण त्याच घरात पेन्शनच्या रात्री दारू पिऊन आलेला नातू दार ठोठावत असतो. दवाखान्यात पेन्शननंतरच्या आठवड्यात मनगटावर वळ घेऊन आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. सगळ्या सांगायच्या, पडले. बेकार तरुणाची लाज आणि आजीच्या हातातला पैसा एका छपराखाली राहिले की असं होतं. २००६ च्या वृद्धांसाठीच्या कायद्यानुसार छळाचा संशय आला तरी कळवणं बंधनकारक आहे. तरीही थेट पोलिसांत धावू नका, आधी तुमच्या वरिष्ठ समाजसेविकेशी बोला. मी एकदा घाई केली. नातवाला नेलं, आणि घरात पाणी भरायला, लाकूड फोडायला उरलं कोणीच नाही. माखुलू माझ्याशी चार महिने बोलली नाही. कळवायला हवंच होतं. पण तिच्या पाण्याची सोय आधी लावायला हवी होती.

दुसरा त्रास माशोनिसाचा. हा गावातला सावकार. तो कर्ज देताना म्हातारीचं पेन्शन-कार्ड, त्याचा पिन नंबर आणि कधी ओळखपत्रही ठेवून घेतो. घरभेटीत कार्ड कुठंय हे विचारलं आणि ती इकडेतिकडे बघायला लागली की समजायचं. कर्ज पुष्कळदा मयतीसाठी असतं. मयत शनिवारी होते, लांबची माणसं पोचेपर्यंत देह शीतगृहात ठेवतात, गाय कापावी लागते, मंडप, जेवण. आपल्याला नीट पुरतील ना, याची काळजी मला तिथल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आजारपणाच्या काळजीहून जास्त ऐकू आली. म्हणून एकेकीच्या तीन-तीन मयत-पॉलिसी असतात. 'पैसे वाया घालवता' असं चुकूनही म्हणू नका. मी म्हटलं होतं. ती शांतपणे म्हणाली, माझ्या मुलीच्या वेळी काहीच नव्हतं.

तिसरी गोष्ट स्मृतिभ्रंशाची. रात्री घर सोडून भटकणारी, अर्धवट कपड्यांत शेजाऱ्याच्या अंगणात सापडलेली म्हातारी चेटकीण ठरते. अशा संशयावरून दक्षिण आफ्रिकेत आणि टांझानियात म्हाताऱ्या बायकांचे जीव गेले आहेत. टांझानियाच्या सुकुमा भागात तर आयुष्यभर शेणीच्या धुरात स्वयंपाक केल्याने लाल झालेले डोळेच पुरावा मानले गेले. इथे तुमचा खरा उपयोग आहे. कुटुंबाला आणि विशेषतः शेजाऱ्यांना बसवून 'हा मेंदूचा आजार आहे' हे पुन्हा पुन्हा सांगा. गावच्या हेडमनला, म्हणजे मुखियाला, सोबत घ्या. पाद्रीबाबांनी रविवारी प्रवचनात सांगितलं तर आणखी चांगलं. आपल्या दहा भेटींनी जे होत नाही ते त्याने होतं.

कागदपत्रांवर भर द्या. अनाथ नातवंडांसाठी मोठी रक्कम मिळवायला पूर्वी आज्यांना न्यायालयातून पालकत्वाचा आदेश आणावा लागायचा, आणि त्या अर्जांचे ढीग वर्षानुवर्षं पडून असायचे. २०२२ पासून नातेवाइकांकडे वाढणाऱ्या अनाथ मुलांना साध्या अनुदानावर सुमारे निम्मी रक्कम जास्त मिळते, तीही न्यायालयाच्या आदेशाशिवाय. कित्येक आज्यांपर्यंत हे पोचलेलं नसतं. मुलाचा जन्मदाखला आणि आईचा मृत्यूचा दाखला लागतो. बापाचं काय, हे विचारताना आवाज खाली ठेवा, मुलं ऐकत असतात.

घरात गेल्यावर 'तुमच्या घरी कोण कोण आहे?' असं विचारू नका. उत्तरात शहरातले, परागंदा झालेले, कधी वारलेलेही येतात, कारण ते सगळे त्या घरचेच. 'काल रात्री या पातेल्यातलं कोण कोण जेवलं?' असं विचारा. उम्फोकोको, म्हणजे मक्याचं मोकळं शिजवलेलं पीठ आणि आंबट दूध, समोर आलं तर दोन्ही हातांनी घ्या आणि खा. नको म्हणालात तर ती तिच्या गरिबीमुळे नको म्हणालात असं समजेल.

आणि तुमचं वेळापत्रक. १६ डिसेंबरच्या सुमारास नाताळच्या सुट्टीसाठी शहरातून गाड्या यायला लागतात. माखुलू त्याआधी आठवडाभर झोपड्या सारवत, रंगवत असते. ते तीन आठवडे घरभेटी ठेवू नका. घरात गर्दी असते, दारू असते, आनंद असतो, आणि जुनी भांडणंही तेव्हाच निघतात. जानेवारीच्या मध्यात शाळा उघडतात, त्या आठवड्यात जा. आया परत गेलेल्या असतात, मुलं शाळेत असतात, माखुलू उन्हात गोधडी टाकून बसलेली असते. तेव्हा ती बोलते.